दहा मिलिग्रॅमचा फरक

त्या मंगळवारी सकाळी मला फक्त एक वॉशर हवा होता. बाबांच्या हत्यारांच्या पिशवीत वॉशरचा डबा असतो, तो मी उघडला. आत वॉशर नव्हते, गोळ्या होत्या. पांढऱ्या, गोल. मोजल्या तर एकोणीस.

आम्ही लिफ्टवाले. बाबा तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते, गेली तीन वर्षं मी त्यांच्या जोडीला आणि गेले चार महिने मी एकटी, कारण बाबांच्या फुप्फुसात गाठ निघाली. जन्मात विडीला हात न लावलेल्या माणसाच्या! तपासणीत कळलं की त्या गाठीत एक ठरावीक बिघाड आहे आणि नेमक्या त्याच बिघाडावर चालणारी गोळी मिळते. बाबांना ही कल्पना फारच पटली. "म्हणजे आपल्या मॉडेलचा पार्ट बाजारात आहे," ते म्हणाले आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

गोळी रोज एक, सकाळी सहाला, रिकाम्या पोटी, त्यानंतर तासभर तोंडात काही टाकायचं नाही. सुरुवात चाळीस मिलिग्रॅमने झाली. ती गोळी निळी. निळीने खोकला थांबला, स्कॅनमध्ये गाठ निम्मी दिसली. आणि बाबांच्या तोंडावर पुरळ उठलं, नखांच्या कडा पिकल्या, पोट तर असं बिघडलं की घरातल्या संडासाला आम्ही बाबांचं ऑफिस म्हणायला लागलो. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरबाईंनी दोन दिवस गोळी थांबवली आणि मग चाळीसची तीस केली. तीसची पांढरी. उरलेल्या निळ्या परत आणून द्या, असं त्यांनी बजावलं होतं. बाबा म्हणाले होते, दिल्या.

तेव्हापासून रोज सहा वाजता आई स्वतः पाकिटातून पांढरी गोळी काढून बाबांच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला हातात द्यायची आणि ते घोट घेईपर्यंत समोर उभी राहायची. एकोणीस सकाळी. आणि एकोणीसच्या एकोणीस गोळ्या आता माझ्या हातात होत्या. दुसऱ्या कोणी त्या संडासात टाकून पाणी सोडलं असतं. पण बाबांनी आयुष्यात चालू स्थितीतली वस्तू फेकलेली नाही. वाकडा स्क्रूसुद्धा ते ठोकून सरळ करतात आणि ठेवून देतात. त्यामुळे खोटं बोलण्याच्या धंद्यात ते अगदीच कच्चे.

जुलाब काही थांबले नव्हते. उलट वाढले होते. अकराला डॉक्टरबाईंकडे नंबर होता.

हॉस्पिटलच्या दारात पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. आई आधीच पुढे येऊन पाचव्या मजल्यावर बसली होती. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. या इमारतीच्या लिफ्ट आमच्याच कंपनीकडे आहेत, त्यामुळे बटणांखालच्या झाकणाची किल्ली माझ्या जुडग्यात असते. तिसरा मजला गेला आणि मी किल्ली फिरवली. लिफ्ट हलकासा झोका देऊन तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये थांबली.

"काय झालं?" बाबांनी सवयीने वर छताकडे बघितलं.

"काही नाही. मी थांबवली."

"का?"

मी डबा पुढे केला. बाबांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत डब्याकडे.

"वॉशर संपले होते का?" ते म्हणाले.

"बाबा!"

"हे बघ, मला जायला लागेल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? ऑफिसला."

"किती वेळ आहे?"

बाबांनी पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि अंदाज घेतला. या बाबतीत आता त्यांचा अंदाज चुकत नसे. "सात मिनिटं."

"मग सहा मिनिटांत सांगा. निळ्या घेताय ना अजून?"

बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला.

"परत दिल्याच नाहीत?"

"दिल्या असत्या, तर घेतल्या कुठून असत्या?" बाबा म्हणाले. मला हसू आलं. पण डबा मी खाली घेतला नाही.

"हातचलाखी कुठे शिकलात?"

"चिमटीत स्क्रू धरून शिडी चढतो आपण. त्यात शिकायचं काय? निळी शर्टाच्या खिशात असते. पांढरी बोटांच्या बेचक्यात. तुझी आई डोळ्याकडे बघते, हाताकडे बघत नाही."

"पण का?"

बाबांनी दारावरच्या पाटीकडे बोट केलं. आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. "ही पाटी. आठच का? दोर किती पेलतो, तुला ठाऊक आहे. याच्या दहापट पेलतो. तरी आपण आठच लिहितो. का? तर समोरच्याला अक्कल नसते म्हणून. भित्र्या माणसासाठी लिहिलेला आकडा असतो तो. डॉक्टरसुद्धा तसंच लिहिणार. मी काय लिफ्टमधलं गिऱ्हाईक आहे? मला आतलं कळतं."

"आठच्या लिफ्टमधून तुम्ही बारा माणसं कधी जाऊ दिलीत?"

"मी?"

"बँकेच्या मॅनेजरला कोट धरून बाहेर काढला होतात. सगळ्या बँकेसमोर."

"तो एकटाच तिघांएवढा होता."

"बाबा, विषय बदलू नका."

खालून कोणीतरी दार बडवलं. "अहो, लिफ्ट सोडा!" आवाज बाईचा होता आणि हॉस्पिटलमध्ये शोभणार नाही इतका ठणठणीत.

"तीस म्हणजे काय, तुला कळतंय का?" बाबा एकदम हळू बोलायला लागले. "रोगाला रोज दहा मिलिग्रॅम मोकळं रान. चाळीसची तीस, तीसची वीस, मग दहा. माणसाला नोकरीवरून काढायचं असलं की आधी असंच एकेक काम काढून घेतात. मी बघितलंय." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पोटामुळे की कशामुळे, कळायला मार्ग नव्हता. "निळीने गाठ निम्मी केली. मी निळी सोडणार नाही. आणि तू वर एक शब्द बोलायचा नाहीस. बोललीस तर मी गोळीच बंद करतो. दोन्ही."

"ही धमकी आहे?"

"हो. आणि आता चार मिनिटं राहिलीत."

मी किल्ली फिरवली.

बाबा पाचव्या मजल्यावरच्या ऑफिसातून परत आले तेव्हा आमचा नंबर पुकारून झाला होता आणि आई दारात उभी राहून पुढच्या माणसाला आत शिरू देत नव्हती. डॉक्टरबाई चाळिशीच्या, बारीक, चष्मा केसांत खोचलेला. त्या आधी रिपोर्ट वाचतात, मग माणूस. आज रिपोर्ट वाचताना त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, तेव्हाच मला धडकी भरली.

"किती वेळा जाताय दिवसातून?"

"चार-पाच," बाबा म्हणाले.

"काल अकरा," आई म्हणाली. "मी लिहून ठेवते. रात्रीच्या दोन धरून."

"क्रिएटिनिन चढलंय. शरीरातलं पाणी जाऊन जाऊन किडनीवर ताण आलाय." डॉक्टरबाईंनी बाबांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "तीसवर असं व्हायला नको होतं. गोळी नीट घेताय ना? तीसचीच?"

"रोज," आई ताठ बसून म्हणाली. "सहाच्या ठोक्याला. पांढरी. मी स्वतः हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही. त्यात काही चूक नाही डॉक्टर, ते मी छातीवर हात ठेवून सांगते." आणि तिने खरंच छातीवर हात ठेवला.

मी बाबांकडे बघितलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही दोघंही टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या फुप्फुसाकडे बघत होतो.

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कीबोर्ड पुढे ओढला. "तीससुद्धा झेपत नाहीये, एवढाच याचा अर्थ. गोळी थांबवू, जुलाब आटोक्यात आले की वीसवर सुरू करू. पण एक आत्ताच सांगून ठेवते. वीसच्या खाली पायरी नाही. वीसही सोसली नाही, तर ही गोळी कायमची बंद करावी लागेल."

"बंद?" बाबा म्हणाले.

"बंद. मग दुसरं काय देता येईल ते बघू. पण गाठ निम्मी करणारं औषध असं हातातून जाणं मला अजिबात आवडणार नाही."

बाई टाईप करत होत्या. मला पडद्यावर दोनाचा आकडा दिसला. पिशवीतला डबा मी मांडीवर घेतला होता आणि झाकणाखाली नख घातलं होतं. बाबांची धमकी खरी असली तर? तीस वर्षांत ते म्हणाले आणि केलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. दोनापुढे शून्य आलं. मी नख दाबलं.

"थांबा," बाबा म्हणाले. "ते पुसा."

बाईंची बोटं थांबली.

"तीस मी घेतलेलीच नाही. एकही नाही. चाळीस घेतोय, एकोणीस दिवस. आजसुद्धा घेतली, सहाला. तीसची ट्रायल झालेलीच नाही, त्यामुळे तुम्ही तिला नापास करू शकत नाही." हे सगळं ते इन्स्पेक्टरला बिघाड सांगावा तसं, कोऱ्या आवाजात बोलले. मग आवाज फुटला. "हिचा काही दोष नाही. हिला मी फसवलं."

आईचा हात अजून छातीवरच होता. तो तिने सावकाश खाली घेतला आणि पदरावरची नसलेली सुरकुती सारखी केली.

डॉक्टरबाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी भराभर प्रश्न विचारले. धाप लागते का? नवीन खोकला? ताप? निळ्या किती उरल्या? सहा. कुठे आहेत? बाबांनी शर्टाच्या खिशातून पुडी काढून दिली. ती त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. बाबांसारख्यांचा त्यांना अनुभव असावा.

"चाळीसवर गाठ कमी झाली, म्हणून तीसवर ती वाढेल असं नसतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या शरीरात ही गोळी जास्त साठत असणार. तुमची तीस ही दुसऱ्या कोणाची चाळीस असू शकते. आकडा मी घाबरून नाही कमी केला. तुम्हाला ही वर्षानुवर्षं घेता यावी म्हणून केला. महिनाभर चाळीस आणि मग काहीच नाही, यात कोणाचा फायदा?"

"रोगाचा," बाबा म्हणाले.

"बरोबर. आता आधी सलाईन. आणि गोळी पूर्ण बंद."

"किती दिवस?"

"पोट ताळ्यावर येईपर्यंत आणि क्रिएटिनिन उतरेपर्यंत. आठवडा धरा. मग तीस. खरीखुरी तीस."

"आठवडाभर काहीच नाही? शून्य?"

"शून्य," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला वाटतं, हा शब्द उच्चारताना त्यांना थोडीशी मजा आली.

तसा आठवडा वैऱ्यावरही येऊ नये. बाबा रोज सहाला उठून पलंगाच्या कडेला बसायचे, रिकाम्या पोटी, रिकाम्या हाताने. जरा खोकला आला की आम्ही तिघंही थिजायचो. बाबांना वाटायचं गाठ वाढली, मला वाटायचं गाठ वाढली, आणि आईला काय वाटायचं ते कळत नव्हतं, कारण ती बाबांशी बोलत नव्हती. निरोप माझ्यामार्फत. "त्यांना सांग, पाणी प्या." बाबा तिच्यापासून दोन हातांवर बसलेले. "तिला सांग, प्यायलो." वहीतले आकडे मात्र ती लिहीत होती. अकरा. सात. चार. चार. दोन.

सोमवारी रक्त दिलं. दुपारी मी एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ब्रेक उघडून बसले होते, तेव्हा हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोन आला. क्रिएटिनिन उतरलंय, उद्यापासून तीस सुरू करा. मी तिला दोनदा वाचायला लावलं. ब्रेकचे दोन बोल्ट मी त्या दिवशी उलटे बसवले आणि परत काढले.

मंगळवारी सहाला आई पांढरी गोळी घेऊन आली. या वेळी तिने ती हातावर ठेवलीच नाही.

"आ करा," ती म्हणाली. आठवड्यातला पहिला थेट शब्द. बाबांनी आ केला. तिने गोळी जिभेवर ठेवली, पेला ओठाला लावला, घोट गेला. "परत आ. जीभ वर. आता डावा गाल."

"अगं, गिळली."

"उजवा."

बाबांनी उजवा गाल दाखवला. मग आई समोर खुर्ची टाकून बसली. तिच्या मागे मी उभी. अजून तासभर खायचं नव्हतं आणि पोट काय म्हणतंय तेही आजच कळणार होतं. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, आतला आवाज ऐकत असल्यासारखे.

सहा चाळीसला ते उठले. आई ताडकन उभी राहिली. मी भिंतीला चिकटून संडासाची वाट मोकळी केली.

"काय गं?" बाबा म्हणाले. "खिडकी उघडतोय. उकडतंय."

त्यांनी खिडकी उघडली, परत येऊन पलंगावर बसले आणि घड्याळाकडे बघायला लागले. आईसुद्धा बसली. अजून वीस मिनिटं होती.