गोरेगावच्या शेडमधलं विमान

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी कधी उडालेलो नाही. मी एक जुना सिम्युलेटर आहे, म्हणजे जमिनीवर बसून विमान चालवण्याचा सराव करायचं यंत्र. गोरेगाव या आमच्या खेड्यात जिथे जीपा थांबतात, त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम.

प्रेमसिंग मेकॅनिकने मला घडवलं. खुर्ची भंगारातल्या जीपची, पेडल ट्रॅक्टरचे, समोर तीन पडदे. हातात धरायचा दांडा मध्यावर राहावा म्हणून दोन बाजूंना दोन स्प्रिंग. पहिल्या महिन्यात सगळं गाव बसून गेलं. प्रत्येकाला वरून स्वतःच्या घराचं छप्पर बघायचं होतं. दिसलं नाही की दोष माझा! मग गर्दी ओसरली आणि माझ्या खुर्चीवर हळदीची रिकामी पोती येऊन बसली.

टिकली ती एकटी राधिका. जवळच्या पुसेगावच्या मसाजींची लेक. घरी मेंढ्या, थोडी शेती. तिला वैमानिकाचा परवाना काढायचा होता. पोती उचलून बाजूला ठेवायची आणि सराव करायची. माणसांची नोंद मी बारीक ठेवतो. दोन वर्षांत तिने मला एकशे बारा वेळा जमिनीवर आपटलं, पण एकदाही दोष माझ्यावर ढकलला नाही. पुढे शिष्यवृत्तीवर तिला फ्लाइंग क्लबात जागा मिळाली. माझ्यावरचे तास परवान्यासाठी धरत नाहीत, पण हात तर माझ्यावरच बसला होता. मी भलताच फुगलो.

आणि तीन महिन्यांत ती परत आली. तोंड उतरलेलं, सोबत मसाजी.

"काय झालं गं पोरी?" प्रेमसिंगने विचारलं.

"काका, विमानाचा उजवा पंख सारखा खाली जातो. सर म्हणतात, तूच ढकलतेस. मला तर कळतबी न्हाई. आठ दिवसांची मुदत हाय. तरी जमलं न्हाई तर एकटीनं उडू देणार न्हाईत. जागाबी जाईल."

"माझं यंत्र बराबर हाय हं," प्रेमसिंगने आधीच हात झटकले.

"तुला कोण काय म्हणून राहिलं?" मसाजी म्हणाले. "बस गं, चालव."

ती बसली. मसाजींनी पडद्याकडे पाहिलंच नाही, तिच्या मनगटाकडे बघत राहिले.

"आता हात सोड."

तिने सोडला. दांडा हळूच डावीकडे कलंडला.

"लंगड्या मेंढीमागं चार महिने चाललं की माणूसबी लंगडतंय," मसाजी म्हणाले. "राधीच्या मायनं मला दोनदा हटकलं त्याच्यापायी."

"म्हंजी माझं विमान मेंढी व्हय?" प्रेमसिंग फणकारला.

"व्हय. अन् लंगडी."

मित्रांनो, खरं सांगतो, मला ठाऊक होतं. माझी उजवी स्प्रिंग कधीच ढिली पडली होती. राधिका नकळत उजवीकडे दाबून मला सावरून घ्यायची आणि मी आरामात सावरला जायचो. माझं लंगडणं तिच्या हातात गेलं, ते असं.

प्रेमसिंगने कुरकुर करत दोन्ही स्प्रिंग नव्या घातल्या. सात दिवस राधिका फक्त दोन बोटांनी दांडा धरून बसली. मसाजी मेंढ्या भावाकडे सोपवून शेजारी. मध्येच म्हणायचे, "सोड." ती सोडायची. पहिल्या दिवशी तिचं बोट उजवीकडेच जायचं. सातव्या दिवशी गेलं नाही, आणि रात्रीच्याच गाडीने ती क्लबात परतली.

मुदत संपली त्या दुपारी प्रेमसिंगचा फोन वाजला. "काका, एकटी उडाले! बाबांना सांगा, मेंढी सरळ चालली."

वर्षभराने ती परवाना घेऊन आली. प्रेमसिंगने तो उलटासुलटा करून पाहिला आणि "यंत्र माझं" असं जीपवाल्या तिघांना ऐकवलं. माझी चूक कोणी माझ्या तोंडावर मारली नाही, उलट दुरुस्त केली, याचे उपकार मी कुठे फेडू?

तुम्हीही ज्याच्यावर शिकता, त्याच्याकडे अधूनमधून बघत जा. त्याच्या खोडी गुपचूप सांभाळून घेऊ नका. त्या तुमच्याच हातात मुरतात.

जाताना राधिका माझ्या खुर्चीत बसली. दांडा धरला आणि सोडून दिला. मी हललो नाही.