परशरामनं दिलेलं मलम

अनगोळात परशरामचं औषधाचं दुकान. उचगावात दिलेली त्याची थोरली बहीण नागुबाई काही दुखलं-खुपलं की डॉक्टर सोडून थेट त्याच्याकडंच यायची. सुगीच्या आधी ती आली आणि मान खाली घालून म्हणाली, "पर्शा, परसाकडला गेलं की रगत पडतंय रं."

बहिणीशी असलं बोलायला परशरामलाच लाज वाटली. "मूळव्याध असंल आक्का," म्हणत त्यानं मलम दिलं. ती येत राहिली, तो देत राहिला. तिच्या चोळीच्या बाह्या सैल पडलेल्या त्याला दिसत होत्या. पण काउंटरवर गिऱ्हाईक असायचं आणि विचारायचं राहून जायचं.

शेवटी ती शेतात चक्कर येऊन पडली. बेळगावच्या इस्पितळात तपासलं तर आतड्याच्या अगदी शेवटी कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

नागुबाईनं तोंड उघडायच्या आत परशराम बोलून गेला, "झाले असतील पंधरा-वीस दिवस."

नागुबाईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर बारीक छिद्रं आणि गाठ काढायला एक लहानसा छेद, एवढंच. दुसऱ्या दिवशी नर्सनं तिला धरून चालवलंसुद्धा. आतला जोड भरेपर्यंत शौचासाठी पोटावर पिशवी बसवली होती. ती पुढं काढता येणार होती. पण काढलेला भाग तपासल्यावर जवळच्या गाठींतही रोग सापडला. "केमो द्यावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लवकर आल्या असत्या तर कदाचित टळला असता." परशरामला त्यांच्याकडं बघवेना.

इस्पितळातून त्यानं आक्काला आपल्याच घरी आणलं. पिशवी बदलायला शिकला. ती "पर्शा लई करतोय माझं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, तेव्हा तो उठून आत जायचा.

एक दिवस उचगावची शेजारीण शालूबाई भेटायला आली. निघताना दारात हळूच म्हणाली, "मलाबी तसंच रगत जातंय. आक्काला दिलतास ते मलम दे की."

"न्हाय देत," परशराम म्हणाला. "त्या मलमापायी आक्काचे सहा महिने घालवले मी. उद्या डॉक्टरकडं चल. मी येतो संगट."

शालूबाई गेल्यावर आतून हाक आली. आक्का उशीला टेकून बसली होती.

"शालूला सांगितलास. मला कधी सांगणार हुतास?"

"भ्यालो आक्का."

"डॉक्टरीणबाईपुढं खोटं बोललास, तवा मी गप बसले. भावाची लाज जाऊ न्हाय म्हणून. पण राग हाय माझा, पर्शा. लई राग हाय."

 

दुसऱ्या दिवशी त्यानं शालूबाईला नेलं. तिची तपासणी चालू असताना डॉक्टरीणबाईंना गाठून आक्काचं खरं काय ते सांगितलं. त्या जे बोलल्या, ते त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. शालूबाईची मूळव्याधच निघाली. घरी येऊन त्यानं आक्काला दोन्ही गोष्टी सांगितल्या.

"बरं झालं शालूचं," एवढंच ती म्हणाली.

केमोला जायच्या सकाळी तिचा लेक गाडी घेऊन आला. पायरी उतरताना नागुबाई थांबली.

"पर्शा, तूबी चल. पिशवीचं ह्याला काय जमत न्हाय."

परशरामनं दुकानाला कुलूप घातलं आणि गाडीत मागं, तिच्या शेजारी बसला. वाटेत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.