विमानाच्या नाकावरचं लिंबू

खंडेराव मास्तर दमलेले होते. आज दमले, उद्या विश्रांती घेतली की बरे, असं ते दमणं नव्हतं. चोवीस वर्षं शिकवून झाली होती. आधी मुलांच्या शाळेत आणि गेली सहा नाशिकच्या या मुलींच्या शाळेत. जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, खडूच्या धुळीनं घसा कायमचा धरलेला. शुक्रवारचा शास्त्राचा तास म्हणजे पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि घंटा झाली की पुस्तक मिटायचं, एवढाच उरला होता.

मग सदतीस सालच्या थंडीत एक विमान शाळेच्या कौलांवरून घरघरत देवळाली कॅम्पाकडं गेलं, आणि अख्खा वर्ग बाकांवरून उड्या टाकत अंगणात पळाला. परत आल्यावर रेहानानं विचारलं, "मास्तर, ते वर राहतं कशानं? त्याला तर दोरा नाही!"

रेहाना पतंगवाल्या अकबरभाईंची मुलगी. दोरा नसलेली वस्तू आभाळात फिरते याची तिला खरीच काळजी लागली होती. मास्तरांना हसू आलं, कितीतरी दिवसांनी. आणि त्या हसण्याच्या भरात ते बोलून गेले, "आपणच एक करून बघू या."

बोलले, आणि लगेच पस्तावले. कारण दुसऱ्या दिवशी टेबलावर बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळीचं मडकं हजर!

आता शिकवणं आलं. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर ढकलते, हे मास्तरांनी वाऱ्यात तळहात तिरका धरून दाखवलं. पंख जरा बाकदार हवा, हेही सांगितलं. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टी बोटावर तोलून भार कुठं असावा तेही दाखवायला घेतलं होतं. पण तेवढ्यात घंटा झाली आणि तो भाग राहून गेला तो गेलाच.

दोन हात लांबीच्या पंखांचं विमान तयार झालं. ओट्यावरून सोडलं की ते नाक वर करायचं, हवेत क्षणभर उभं राहायचं आणि शेपटावर आपटायचं. पुन्हा कागद, पुन्हा खळ. मास्तर खुर्चीवर बसून बघत. उठायचं म्हणजे गुडघे आडवे येत.

ही कागद-कातरी पुंजाशेटच्या कानावर गेली. पुंजाशेट पिंपळगावचे कांद्याचे मोठे व्यापारी आणि शाळेच्या मंडळाचे सभासद. त्यांचा निरोप आला: सोमवारी येतो. उडालं तर ठीक. नाही तर शास्त्राचा तास बंद, शुक्रवारी शिवण.

खरं सांगायचं तर मास्तरांना आधी हायसं वाटलं. शुक्रवारी दुपारी घरी जाऊन पाय पसरता येतील. पण निरोप ऐकून वर्गातली सिंधू म्हणाली, "शिवण घरी आहेच की मला, मास्तर. आई शिकवते. हे कोण शिकवणार?" तो प्रश्न त्या शुक्रवारी रात्रीपर्यंत मास्तरांना टोचत राहिला.

शनिवारी सकाळी ते लवकर आले आणि दिव्यावर कामट्या शेकून त्यांनी पंखांना नवा बाक दिला. त्याच वेळी शाळेची शिपाईण भागीबाई झाडू टेकवून आली आणि विमानाच्या नाकाला लिंबू-मिरची बांधू लागली.

"हे काय, भागीबाई?"

"शनिवार हाय. लय नजर लागली पोरींच्या कामाला. सात येळा पडलं, मी मोजलंय."

वाद घालायला मास्तरांच्या अंगात जोर नव्हता. त्यांनी हात झटकला. पोरी जमल्यावर सिंधूनं विमान सोडलं, आणि ते सरळ, संथ, अंगणातल्या विहिरीच्याही पलीकडं जाऊन गवतावर टेकलं! पोरींनी किंचाळून शाळा डोक्यावर घेतली. मास्तर मनात म्हणाले, बाक बरोबर जमला.

सोमवारी पुंजाशेट ओट्यावर लोडाला टेकून बसले. मास्तरांनी विमान पुढं आणलं तर नाकाला ते लिंबू लोंबतंय. शास्त्राच्या तासाची परीक्षा आणि वर नजर उतरवायचा तोडगा! मास्तरांच्या कानापर्यंत लाली चढली. त्यांनी कात्री घेतली आणि दोरा कापला. लिंबू गडगडत भागीबाईच्या पायाशी गेलं.

"आता काय खरं नाय," ती पुटपुटली.

सिंधूनं विमान सोडलं. नाक वर, क्षणभर उभं, आणि शेपटावर धप्प. पुन्हा सोडलं. पुन्हा धप्प.

"मास्तर," पुंजाशेट मिशांना पीळ देत म्हणाले, "शिवणाच्या बाई कधीपासून बोलवायच्या?"

मास्तर पायरीवर बसले. बोलवा, एवढंच म्हणायचं होतं. म्हणजे सगळं संपलं. शब्द ओठापर्यंत आलाही होता.

"मास्तर," रेहाना कानाशी कुजबुजली, "लिंबू परत बांधा."

"तूसुद्धा?"

"नजरेचं नाही हो! अब्बा पतंगाला दोरा पुढच्या बाजूला बांधतात. तोच त्याचं नाक खाली ओढून धरतो. दोरा तुटला की पतंग गटांगळ्या खातो. आपल्या विमानाला दोरा कुठाय? लिंबू दोऱ्याचं काम करत होतं."

मास्तरांना आठवलं. बोटावर तोललेली पट्टी. राहून गेलेला भाग. शनिवारी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि सगळं श्रेय त्यांनी आपल्या बाकाला देऊन टाकलं होतं.

ते उठले. गुडघे कुरकुरले. भागीबाईच्या पायाशी वाकून त्यांनी लिंबू उचललं, सगळ्यांसमोर, आणि स्वतः नाकाला बांधलं.

विमान विहिरीवरून गेलं.

"वा!" पुंजाशेट मांडीवर थाप मारून म्हणाले. "लिंबात गुण आहे, मास्तर! चालू ठेवा तास. दर शुक्रवारी आधी लिंबू बांधत जा."

भागीबाईनं पदर सावरला. तास वाचला होता. आता नुसतं 'हो' म्हणायचं आणि घरी जायचं. किती सोपं होतं! पण रेहाना आणि सिंधू त्यांच्याकडं बघत होत्या.

"शेट, जरा बसा अजून," मास्तर म्हणाले.

त्यांनी लिंबाची गाठ सोडली. सिंधूनं विहिरीकाठची ओली माती आणली. रेहाना तिचा गोळा नाकाला थापत राहिली, पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलत राहिली. थोडी काढली, थोडी लावली. शेवटी ते बोटांवर आडवं स्थिर राहिलं. मास्तरांनी ते स्वतःच सोडलं. विमान गेलं, पण वाटेत डावीकडं वळून कडुनिंबात अडकलं.

"लिंबू सरळ गेलं होतं," पुंजाशेट म्हणाले.

"पण माती लावूनही उडालं, शेट. लागतो तो भार. लिंबाचा असो नाही तर मातीचा."

पुंजाशेट लोड सोडून उठले. "बरं. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत चालवा. मग बघू."

ते गेल्यावर मास्तर भिंतीला टेकून बसले. डोळे मिटत होते. वर फांदीवर सिंधू, खाली बांबू घेऊन भागीबाई, दोघींची भांडणं चाललेली.

"मास्तर," रेहाना म्हणाली, "नाकाला चार लिंबं बांधली तर?"

"नाक खाली जाईल."

"मग शेपटाला पण बांधू!"

"जड होईल."

"पण किती जड झालं की उडणारच नाही?"

मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या पुस्तकातही नव्हतं. त्यांनी डोळे उघडले.

"शुक्रवारी बघू," ते म्हणाले. "घरून तराजू घेऊन ये. आणि भागीबाईला सांग, लिंबं जरा जास्त लागतील."