दोन पात्यांच्या मधली फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात, बरं वाटलं. पण का बसलात ते काही कळलं नाही. कुणी उगाच जवळ आलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. स्वभावच तसा झाला आहे आणि त्याला कारणं आहेत.

माझं झाड कन्नौदच्या रानातलं. धरमपुरीच्या सुताराने रंधा मारून मला नावेत बसवलं. नर्मदा ओलांडणारा जो तो बसण्याआधी मला ठोकून बघायचा, कुजली तर नाही ना! पुढे नाव मोडली आणि मी धारच्या एका हलवायाकडे आले. माझ्यावर पेढ्यांच्या पराती असत, आणि हलवाई येणाऱ्या प्रत्येकाला चोर समजून असे. अशा संगतीत भोळं कोण राहील?

त्याच्या दुकानाची पाटी रंगवायला चिंतामणी नावाचा गृहस्थ आला. त्याने आधी जकात नाक्यावर कारकुनी केली होती, देवळात स्वयंपाक केला होता, नाटक कंपनीचे पडदे रंगवले होते. इतकी कामं सोडणारा माणूस मलाही सोडणार, असं मी धरूनच चालले. त्याने मजुरीऐवजी मला मागून घेतलं आणि देवासला नेलं. तिथे त्याला शाळेत मास्तरकी मिळाली होती. एका अंगाला काजळी फासून त्याने माझा फळा केला. दुसऱ्या अंगावर कागद टाचून तो चित्रं काढी. मुलं माझ्यावर अक्षरं शिकली. त्या दिवसांत मी सुखी होते, आणि म्हणूनच धास्तावलेली होते.

त्या काळी, एकोणीसशे पाच-सहाच्या सुमाराला, देवास गाव एक आणि राजे दोन. दोघांच्या दोन वाटण्या, एक थोरली पाती, एक धाकटी. आमच्या रस्त्याची एक बाजू एका पातीची, समोरची दुसऱ्या पातीची. चिंतामणी मास्तर राहत एका पातीत आणि त्यांची शाळा दुसऱ्या पातीत.

एकदा मास्तर आपल्या ओट्यावर बसून रस्त्याचं चित्र काढत होते. शाळेवर देखरेख करणारे समोरच्या पातीचे कारभारी गोपाळराव तिथून चालले होते, ते थबकले.

"मास्तर, तुमच्या बाजूची घरं एवढी मोठी, आणि आमच्या बाजूची खुराडी?"

"साहेब, जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान."

"कुणी सांगितलं असं काढायला?" गोपाळरावांनी पट्टी मागवून चित्रातली घरं मोजली. त्यांचा चेहरा उतरला. "दोन्ही बाजू सारख्या काढा. नाही तर शाळेत दुसरा मास्तर येईल."

घरात मास्तरांच्या पत्नी कमलबाई काकुळतीला आल्या. "काढा ना सारख्या. इतकी कामं केलीत, एक टिकलं नाही. हे तरी टिकू द्या हो."

"दिसतं ते सोडून भलतंच काढलं, तर उद्या मुलांना कोणत्या तोंडाने शिकवू?" मास्तर म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं, आता गाशा गुंडाळायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मला मांडीवर घेऊन रस्त्याच्या अगदी मधोमध बसले. लगेच दोन्हीकडचे शिपाई धावले. "भिया, फळी तुम्हारी तरफ जादा है," म्हणत एकाने मला ओढलं. "जादा कैसे, भिया?" म्हणत दुसऱ्याने परत ओढलं. बैलगाड्या तुंबल्या. मास्तर मात्र काढत राहिले.

गोपाळराव पट्टी घेऊन आले. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि दुसऱ्याच क्षणी परत आल्या.

"हे काय? पुढे रस्ता निमुळता होत होत दोन्ही पात्या एक झाल्या! कुणाच्या हुकमाने?"

शिपाई मागे सरकले. मास्तरांनी पेन्सिल माझ्यावर ठेवली. आवाज साधाच होता. "इथून तसं दिसतं, साहेब. खरंच एक होतात का, ते जाऊन बघा."

गोपाळराव तरातरा निघाले. त्यांची पगडी लहान होत होत तिळाएवढी झाली. रस्त्याच्या टोकाला ते वळले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग घाम पुसत परत आले.

"तिकडेही रस्ता एवढाच रुंद आहे," ते हळूच म्हणाले. "पण वळून पाहिलं, तर आमची शाळा, हे शिपाई, सगळं चिमूटभर. आणि दोन्ही बाजू इथे, तुमच्यापाशी मिळालेल्या."

त्यांनी मास्तरांना उठवलं, स्वतः त्या जागी बसले आणि एक डोळा मिटून पाहू लागले. "हे मुलांना शिकवता?"

"शिकवीन म्हणतो."

"आधी मला शिकवा. आणि बोभाटा नको."

मास्तरांची नोकरी टिकली. त्यांनी पुढे मुलांसाठी चित्रकलेचं पुस्तकही लिहिलं, माझ्यावरच कागद ठेवून.

मित्रांनो, आता मी कोपऱ्यात पडून आहे. मला ओल्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, मी वाकेन. आणि कुणाचं चित्र चुकलेलं वाटलं, तर त्यावर पट्टी धरण्याआधी तो बसला होता तिथे जाऊन बसा. मी पडले संशयी. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका हवं तर. पण गोपाळराव माझ्याहून संशयी होते, आणि ते जाऊन बसले.