फलकावरचं नाव

रविवारची वंदना संपली. जीवहिंसेपासून दूर राहण्याचं पहिलं शील म्हणून झालं होतं, हात अजून जोडलेलेच होते, तोच वस्तीचे पुढारी असलेल्या श्यामरावांनी विहारात फलक उलगडला: ‘दीक्षा को न्याय दो, देवीदास को फाँसी दो.’

दीक्षाच्या शेजारचा देवीदास तिच्यावरच्या बलात्काराचा दोषी ठरला होता. शिक्षा उद्या सुनावली जायची होती. सारा खटला चालला, पण न्यायालयाने दीक्षाचं नाव बाहेर फुटू दिलं नव्हतं. समता कॉलोनीतल्या ज्या दवाखान्यात ती नर्स होती, तिथे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. आजचा मोर्चा त्याच रस्त्याने निघायचा होता.

“काका, माझं नाव मिटवा,” दीक्षा श्यामरावांना म्हणाली. “अन् फाशी मले नाही पाहिजे.”

“काहून?”

“मेला म्हंजे सुटला तो. मले तो जिता पाहिजे. म्हातारा होतवरी आत.”

“इतकी माया?” वंदनेला आलेल्या पद्मजाबाई मागून हसल्या. “मंग रडून काहून राहिली होती, पोट्टी?”

दीक्षाने तिकडे वळूनही पाहिलं नाही. “काका, त्या दिवशी त्याच्या घरातून निघताना तुम्हीच मले पाह्यलं. ओढणी तुम्हीच उचलून देल्ली. कोर्टात म्हणाले, काही दिसलं नाही.”

श्यामरावांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “साक्ष एकट्याले द्या लागते, बेटा. मोर्चात सारा समाज राहते.”

तिने आईकडे पाहिलं. शांताबाई प्रत्येक तारखेला तिच्यासोबत कोर्टाच्या बाकावर बसल्या होत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “आता नाही म्हटलं, तर लोक म्हनतीन, सारं खोटंच होतं.” आणि त्यांनी फलकाचा एक बांबू हातात धरला.

दुपारी दीक्षा एका म्हातारीच्या भाजलेल्या हाताला पट्टी बांधत होती. घोषणा आधी दुरून आल्या, मग खिडकीशी. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. डॉक्टर अनुश्री पडदा सारून पाहू लागल्या.

“दीक्षा, आगे वाली तुम्हारी मम्मी हैं ना?”

फलकाच्या बांबूला धरून शांताबाई चालत होत्या. रंगवलेली अक्षरं ठळक होती. गल्लीच्या टोकावरूनही वाचता येतील इतकी.

म्हातारीने एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “तैं वोइच दीक्षा अस का, बेटी?”

“हव.”

पट्टी अर्धीच झाली होती. म्हातारीने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि उरलेली गुंडाळी दुसऱ्या हाताने स्वतःच बांधू लागली.