जोडीचा लॅपटॉप

पहिला मसुदा.

"आमच्या घराखाली माझ्या भावाचं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. कंपन्यांनी मोडीत काढलेली यंत्रं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. विद्यार्थी येतात, किंमत विचारतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. त्यावर माझ्या वहिनीने एक युक्ती काढली. सकाळच्या कॉलेजचा एक आणि संध्याकाळच्या कॉलेजचा एक, अशी दोघांची जोडी लावायची. दोघांत मिळून एक लॅपटॉप. दुपारी आमच्या काउंटरवर अदलाबदल. तेवढ्या वेळात तो चार्ज होतो, आणि कुणी आपटला असेल तर तिथल्या तिथे कळतं. जोड्या लावायला मी वहिनीला मदत करते."

शब्द फार झाले.

धाकटीने हा मसुदा क्लासच्या सरांना दाखवला. सर बिझनेस स्कूलच्या अर्जांची तयारी करून घेत. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"छान. वहिनीचं चरित्र छान लिहिलंयस. प्रवेश वहिनीला हवाय का?"

वर्ग हसला. धाकटीही हसली.

दुसरा मसुदा.

"...विद्यार्थी रिकाम्या हाताने परत जात. घरातल्या एका व्यक्तीशी चर्चा करताना मला एक युक्ती..."

अजूनही शब्द फार.

मधल्या काळात कॉलेज ठरत होतं. एकाचं नाव मोठं, पण ते लांब, आणि वसतिगृहात राहावं लागणार. एकाच्या माहितीपत्रकात सगळे जण काचेच्या भिंतीला टेकून हसत होते, ते कशाला हसतायत हे काही कळत नव्हतं. तिसरं घरातून जाऊन-येऊन करण्यासारखं. तिथल्या शिक्षकांना धाकटीने ईमेल केला तेव्हा कुणीतरी खरंच उत्तर दिलं होतं. दादा म्हणाला, "जे उत्तर देतात त्यांच्याकडे जा. कंपन्यांकडून जुन्या मालाचा लॉट घेतानाही मी तेच बघतो." ठरलं. आईने त्याच संध्याकाळी मावशीला फोन करून मुलगी जणू पास होऊनच आल्यासारखं सांगितलं.

तिसरा मसुदा.

"विद्यार्थी रिकाम्या हाताने परत जाताना पाहून मला एक युक्ती सुचली."

वाक्य अगदी नेमकं बसलं. धाकटीने ते मोठ्याने वाचून पाहिलं. कुठे अडखळलं नाही. अर्ज पाठवला.

*

"वन्सं, जरा हात मोकळा आहे का?"

वहिनी वन्सं म्हणाली की समजायचं, काम निघालंय. तोंडात स्क्रू धरून बोलायची तिला सवय. हातात हेअर ड्रायर, समोर एक लॅपटॉप. काचेखालचा डिंक गरम केला की काच सुटते. हा ड्रायर तिच्या लग्नातल्या आहेरातला. केसांना तो कधी लागलाच नाही.

"बोल."

"तुझ्या त्या कॉलेजात कामधंदा करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा कोर्स आहे. तू सारखी तीच साइट उघडून बसतेस, म्हटलं बघू तरी मध आहे का तिथे. हसू नकोस हं. मी अर्ज करतेय."

"तू?"

"का? भावजयांना मज्जाव आहे का?" वहिनीने स्क्रू तळहातावर थुंकले. "लिहून काढलंय. तू फक्त वाच आणि चुका काढ. नणंदेला एवढं तर जमतंच."

प्रश्न तोच होता. तुम्ही घडवून आणलेला एखादा बदल.

वहिनीने लिहिलं होतं:

"मुलं यायची. दुसऱ्याच्या बाळाला हात लावावा तसा लॅपटॉपला हात लावायची, आणि जायची. मला ते बघवेना. एक दिवस मनात आलं, हा सकाळी कॉलेजात असतो आणि ती संध्याकाळी, मग दोघांना वेगवेगळा कशाला? नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, भांडतील. म्हटलं, भांडू देत, भांडायला तरी दुकानात येतील. माझी नणंद हुशार. कुणाचं कुणाशी जमेल ते तिला चेहऱ्यावरून कळतं. ती नसती तर एकही जोडी टिकली नसती."

हे खरं नव्हतं. धाकटीने लावलेल्या पहिल्याच जोडीने एकमेकांचे पासवर्ड बदलून टाकले होते.

आणि खाली, कॉलेजची सूचना. दोन्ही कोर्सचे सगळे निबंध एकमेकांशी ताडून पाहिले जातील. साम्य आढळल्यास नंतर आलेला अर्ज बाद.

नंतर आलेला.

"काय गं, एवढं वाईट आहे का? चेहरा का उतरला?"

आत्ता. आत्ताच सांगायला हवं होतं. पण ती भलतंच बोलली.

"वाईट नाही. पण दुकान-बिकान सगळेच लिहितात. दुसरं काहीतरी लिही ना."

"दुसरं?" वहिनी विचारात पडली. "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

*

वहिनीचा दुसरा मसुदा: इमारतीची पाण्याची टाकी धुऊन घेतली त्याबद्दल. मध्येच सोडलेला.

वहिनीचा तिसरा मसुदा: "लहानपणापासूनच माझ्या अंगी नेतृत्वगुण होते."

"हे कसं वाटतं?" तिने विचारलं. "मला तर टाइप करतानाच झोप आली."

"बरं आहे," धाकटी म्हणाली.

वहिनीने विश्वास ठेवला. तेच सोसवेना. एरवी बाजारात वीस दुकानं पालथी घालणारी, विक्रेत्याला रडवणारी बाई, आणि इथे 'बरं आहे' ऐकून मान डोलावतेय. आपल्या हुशारीवर तिचा किती विश्वास आहे हे धाकटीला आजवर असं दिसलंच नव्हतं. दिसलं ते अशा वेळी.

क्लासच्या सरांनीच शब्द काढायला लावले, असं ती मनाशी म्हणाली. पण सरांनी फक्त थट्टा केली होती. शब्द काढणारा हात तिचा होता.

*

दुपारची अदलाबदल. सकाळच्या कॉलेजचा मुलगा लॅपटॉप देतोय, संध्याकाळच्या कॉलेजची मुलगी घेत नाहीये.

"काकू, ह्याने पुन्हा ह्याच्यावर खाल्लंय. बघा, कीबोर्ड उलटा केला की जेवण पडतं!"

"ती माझ्या फाइली हलवते!"

"तू स्क्रीनभर पसरून ठेवतोस म्हणून!"

"थांबा," वहिनी म्हणाली. "लॅपटॉप इकडे द्या. आता बाहेर जाऊन भांडा. ज्याचं भांडण आधी संपेल त्याने आत यावं."

दोघं बाहेर गेले. वहिनीने कीबोर्ड उलटा करून ब्रश मारायला घेतला, आणि मान वर न करता म्हणाली, "सांग, कुठलं पाठवू? टाकी का नेतृत्व? उद्या शेवटचा दिवस."

"पहिलं पाठव."

"तूच तर म्हणालीस..."

"मी तेच पाठवलंय, वहिनी. माझ्या अर्जात. मला सुचलं म्हणून. आता तू पाठवलंस तर चोरी तुझी ठरेल."

ब्रश थांबला. बाहेर मुलगी काहीतरी बोलली आणि मुलगा हसला. त्यांचं मिटत आलं होतं.

"माझं नाव?"

"नाही."

"नाव नको गं. कुणीतरी वहिनी, एवढं तरी?"

"शब्द फार होत होते."

"अच्छा." वहिनीने ब्रश खाली ठेवला. "किती शब्दांची होते मी?"

धाकटीने ते शब्द मोजून काढले होते.

"मी मागे घेते," ती म्हणाली. "मागे घेतलेला अर्ज ताडणीत धरत नाहीत. वाचलंय मी."

"आणि तुझं?"

"या वर्षी पुन्हा करता येत नाही."

बोलताना तिला वाटत होतं, वहिनी आता 'राहू दे' म्हणेल. 'वेडी का खुळी तू' म्हणेल. आपण हे बोललो तेच थोडंसं त्या आशेवर, हेही तिला बोलता बोलताच कळलं, आणि तिने मान खाली घातली.

वहिनी राहू दे म्हणाली नाही. धाकटीने काउंटरवरच्या लॅपटॉपवर आपला अर्ज उघडला. वहिनीने स्टूल ओढलं, शेजारी बसली आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

तुम्हाला नक्की अर्ज मागे घ्यायचा आहे का?

हो.

पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा हो.

मग वहिनीने तेच यंत्र स्वतःकडे ओढलं, पहिला मसुदा उघडला, वाचला, कुठेही हात न लावता पाठवून दिला. जोडी आत आली. मुलाने बॅग उघडून धरली, मुलीने चार्जर गुंडाळला. वहिनीने दोघांना एकेक शिवी दिली, आणि दोघं गेले.

"तुझ्या दादाला तू सांगायचंस," ती म्हणाली. "आईंनाही. मी सांगणार नाही. पण तू नाही सांगितलंस तर मी झाकणारही नाही. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

"आणि आज माझ्याशी बोलू नकोस. उद्याचं उद्या बघू."

दारात दादा आला. नव्या लॉटचं खोकं छातीशी धरलेलं, हनुवटी खोक्यावर टेकलेली, तरी तोंड चालू.

"काय मॅनेजरबाई, कॉलेजवाले काय म्हणतात? मावशी विचारत होती, पेढे कधी. म्हटलं, आमच्या धाकटीने ती जोडीची गोष्ट लिहिलीय म्हणजे तिच्या वहिनीचा फोटो छापूनच..."

वहिनी पाठ करून काचेवर ड्रायर धरून उभी होती. बटण तिने दाबलं नव्हतं.

"दादा," धाकटी म्हणाली, "खोकं आधी खाली ठेव."