मखमलीची उलटी बाही

वहिनी कापड डोळ्यांनी नाही, तळव्याने पाहायची. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, आणि तिच्या शिलाईच्या दुकानात पंचवीस वर्षांत एकही कापड उलटं कापलं गेलं नव्हतं. मखमल तर भल्याभल्यांना दगा देते. तिची लव एका बाजूने मऊ लागते, दुसरीकडून खरखरीत; दोन तुकडे दोन दिशांनी कापले की एक गडद दिसतो, एक फिका. वहिनी तळवा फिरवायची आणि बेधडक कात्री चालवायची.

म्हणून नणंदेच्या मखमली कोटाची एक बाही गडद आणि दुसरी फिकी निघाली, तेव्हा नणंदेने एकच अर्थ काढला. गेल्याच महिन्यात तिने वहिनीच्या सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. त्याचाच हा सूड! कोट काखेत मारून ती दुकानात धडकली.

"वहिनी, राग होता तर तोंडावर बोलायचं. माझ्या बाहीवर कशाला काढलात?"

वहिनीने दोन्ही बाह्यांवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा.

"मला दोन्ही सारख्याच लागतात हो, वन्सं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

नणंद तोंडाची फटकळ, पण डोळ्यांची पक्की. वहिनीच्या पायातली चप्पल मागेच निसटून पडली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता, हे तिने पाहिलं. मग एकेक बाहेर आलं. कित्येक महिने हातापायांना मुंग्या, जिना चढताना पाय शिशाचे, हातातून सुई गळते. वहिनीने सगळं वयाच्या माथी मारून टाकलं होतं. हात गेले तर दुकान गेलं, ही भीती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

"उठा," नणंद म्हणाली. "भांडण नंतर करू. आधी डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. हातापायांना तारा लावून बारीक झटके दिले, पाठीतून पाणी काढून तपासलं आणि आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. "शरीराची राखण करणारी फौजच नसांवरचं आवरण खरवडून काढतेय."

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं," नणंद म्हणाली.

वहिनी विचार करत होती. "अस्तर उसवलंय. आतलं कापड शाबूत आहे ना?"

"बरंचसं आहे," डॉक्टरीणबाई हसल्या. "उसवणाऱ्याला आवरलं की अस्तर शरीरच पुन्हा घालतं. पण पाहुणा मुक्कामाला आलाय. औषध दर काही आठवड्यांनी घ्यावं लागेल."

औषध शिरेतून थेंबथेंब जायचं. हे येतं कुठून, असं वहिनीने नर्सला विचारलं.

"माणसांच्या रक्तातून. हजारो जणांनी दिलेलं एकत्र करून बनवतात."

अख्ख्या गल्लीचे खांदे आणि कंबरा वहिनीला तोंडपाठ होत्या, आणि या हजारोंपैकी एकाचंही माप तिला ठाऊक नव्हतं. बाटलीकडे बघून ती म्हणाली, "बाबांनो, तुमचं भलं होवो."

नणंद दर खेपेला सोबत यायची आणि सुनेच्या स्वयंपाकावरून वाद घालत शेजारी बसायची. अंगात तोच कोट. बाही बदलून द्यायचं वहिनीने दहादा म्हटलं, तिने ऐकलं नाही. "या बाहीनेच मला शहाणं केलं," म्हणायची.

चौथ्या खेपेला वहिनीने सहज म्हणून तिच्या उजव्या बाहीवरून हात फिरवला. मग डाव्या. हात थबकला. तिने डोळे मिटले आणि बोटं खांद्यापासून मनगटापर्यंत सावकाश परत नेली.

"वन्सं," ती पुटपुटली, "ही उलटी आहे."

नणंदेचे डोळे भरून आले, पण हार मानेल तर ती नणंद कसली? "मग! मी काय उगीच भांडायला आले होते?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. तिने बाही सोडली नव्हती. "फार बरं झालं, भांडायला आलात."